कमी फ्रिक्वेन्सीवर शिकलेली गाणी

मी बेस गिटार वाजवायचो असं सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "मग एखादं गाणं वाजवून दाखवा ना." आता त्यांना काय सांगणार? एकट्या बेसवर गाणं होत नाही. चार जाड तारा आणि खालचे स्वर, एवढाच कारभार. शेजारी ड्रम असेल तर त्या स्वरांना अर्थ येतो. नसेल तर पलीकडच्या खोलीत कोणीतरी पलंग सरकवतंय असं वाटतं. माझ्या सासूबाईंना तसंच वाटायचं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात हे वाद्य वाजवत होतो. पोटापाण्याला खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कंट्रोल रूमचा ऑपरेटर होतो आणि तिथल्याच कॉलनीत राहत होतो. वाजवायचो ते रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या शनिवारच्या डान्सला, नाताळात, आणि गणपती-दुर्गादेवीच्या दिवसांत मंडपातल्या ऑर्केस्ट्रात. याला कारकीर्द म्हणायचं तर म्हणा. मला त्यातून एकच गोष्ट हवी होती. नागपूरबाहेरच्या, खऱ्याखुऱ्या बँडमध्ये उभं राहून वाजवायचं. इतकी हवी होती की बायकोलाही मी ती कधी नीट सांगितली नाही, सांगितली तर नजर लागेल असं वाटायचं. शेवटी ती मिळाली, तीन आठवड्यांपुरती. त्या तीन आठवड्यांची किंमत काय पडली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आधी माझ्या ड्रमरबद्दल सांगायला हवं. तो नागपुरातल्याच सदर भागातला, मराठी ख्रिस्ती घरातला. वडील लवकर गेलेले, आई मिशनच्या दवाखान्यात नर्स, तो स्वतः रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. आमची ओळख एका देवीच्या मंडपात झाली. मी तेव्हा साधी गिटार वाजवत होतो, म्हणजे शिकलेले चार कॉर्ड प्रत्येक गाण्याला लावत होतो. कार्यक्रम संपल्यावर तो आला, माझ्या गिटारकडे जरा दयेने बघितलं आणि म्हणाला, "तुले गिटार नाही येत बे. पन तुही लय पक्की आहे. तू बेस वाजव."

अपमान करून वर कौतुक करायची ही नागपुरी पद्धत. मला राग आला आणि पंधरा दिवसांत मी बेसच्या मागे लागलो. विकत मिळण्यासारखी नव्हतीच. गांधीबागेजवळ हार्मोनियम दुरुस्त करणारा एक कारागीर होता, त्याने सागवानाची घडवून दिली. वाड्याचं दार खांद्याला अडकवल्यासारखी ती जड होती. आवाज उचलणारी कॉइल पंख्याच्या मोटारी गुंडाळणाऱ्याकडून गुंडाळून घेतली. तारा कोलकात्याच्या गाडीवरच्या एका गार्डने आणून दिल्या. पहिल्यांदा ती अॅम्प्लिफायरला जोडली तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

सरावाची जागा त्याचं घर. त्या घराबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमचं घर बौद्ध. धम्मदीक्षेच्या दिवशी वडिलांनी मला खांद्यावर घेऊन ते सारं दाखवलं होतं. धर्म बदलला, पण नागपूर लगेच बदललं नव्हतं. कोणाच्याही ओट्यावर बसलो की आधी आडनाव विचारलं जायचं, मग आतून कप यायचा. कोणता कप यायचा ते आडनावावर ठरायचं. ड्रमरच्या आईने पहिल्या दिवशी आडनाव विचारलंच नाही. स्वतःच्या हातातला चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःसाठी दुसरा आणायला आत गेली. मी सव्वीस वर्षांचा घोडा, पण तो कप रिकामा झाल्यावरही मी खाली ठेवला नाही. त्यानंतर त्या घरासाठी मी काहीही केलं असतं.

तर त्या घरात एक रेडिओग्राम होता. चांगला टेबलाएवढा, वर झाकण, आत रेकॉर्ड फिरवायची तबकडी. वडिलांची आठवण म्हणून आई त्याला रोज पुसायची. आमची सगळी शाळा म्हणजे तो रेडिओग्राम. इंग्रजी गाण्यांच्या रेकॉर्डी कुठून कुठून मागून आणायच्या, तबकडीवर ठेवायच्या आणि कान लावून बसायचं. स्वरलिपी आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती. पद्धत सोपी होती. रेकॉर्डमधला पहिला स्वर पकडायचा, त्याला सगळ्यांनी तारा जुळवायच्या आणि रेकॉर्डबरोबर वाजवत सुटायचं. मी आणि तो समोरासमोर बसायचो. त्याच्या उजव्या पायाकडे बघून मी वाजवायचो. काही महिन्यांनी बघायचीही गरज उरली नाही. त्याचा पाय पडायच्या आत माझं बोट तारेवर पोचलेलं असायचं. अशी जोडी जमणं ही काय चीज असते, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. लग्नातही ती इतक्या लवकर जमत नाही.

सराव नेहमी संध्याकाळी. तो शेडमधून सहाला सुटायचा. माझी सकाळची पाळी असलेल्या आठवड्यात मी बसने सदरला यायचो. साडेसहा ते नऊ वाजवायचो. रविवारी मात्र सराव नाही. रविवारी घरात चर्च, जेवण आणि शांतता. रेडिओग्रामला त्या दिवशी हात लावायचा नाही हा आईचा नियम होता आणि तिचा नियम मोडायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती.

बँडमध्ये आणखी दोघं होते, एक गिटारवाला आणि एक गाणारा. गाणारा कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकून होता, टाय मात्र साहेबापेक्षा चांगला बांधायचा. इन्स्टिट्यूटमध्ये आमचं बरं चाललं होतं. रेल्वेतली पोक्त जोडपी आमच्यावर खूश असायची. एक निवृत्त गार्डसाहेब तर प्रत्येक डान्सनंतर येऊन सांगायचे की तुमच्या बँडवर नाचलं की धाप लागत नाही. आम्ही ते आमच्या वादनाचं कौतुक समजायचो. कधीमधी रेडिओवर तीच गाणी लागायची तेव्हा ती आम्हाला घाईत वाटायची, आवाजही जरा चिरका वाटायचा. गाणाऱ्याचं मत पडलं की रेडिओवाले जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून रेकॉर्डी पळवतात. आम्हा सगळ्यांना ते पटलं. चार शिकलेली माणसं, त्यातला एक पॉवर हाऊसमधला, आणि आम्हाला ते पटलं!

मग कोलकात्याचा बँड आला. मोठ्या हॉटेलांत वाजवणारे लोक. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी नागपूरला उतरले होते आणि पुढे रायपूर, बिलासपूर, जबलपूर करणार होते. उतरले आणि त्यांच्या बेसवाल्याला कावीळ झाली. दवाखान्यात दाखल करावं लागलं. इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरींनी माझं नाव सुचवलं. शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये बोलावणं आलं.

मी साडेनऊच्या बसने गेलो. त्यांच्याकडे खराखुरा ऑर्गन होता. ऑर्गनवाल्याने एक स्वर दिला आणि मी तार छेडली तर माझा स्वर खाली. "पूरा बाजा उतरा हुआ है, दादा," तो म्हणाला. मी वर चढवून घेतली. तारा करकरत होत्या. मग गाणं सुरू झालं. मला तोंडपाठ असलेलं गाणं, शंभर वेळा वाजवलेलं. दहा-बारा आवर्तनं झाली असतील, त्यांच्या ड्रमरने काठ्या वर केल्या. परत सुरू केलं, परत थांबवलं. तिसऱ्या वेळी त्यांचा म्होरक्या गिटार बाजूला ठेवून माझ्याकडे आला. माणूस उद्धट नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "दादा, हाथ अच्छा है. लेकिन तुम हर गाने को पीछे खींच रहे हो. जैसे बैलगाड़ी में बैठे हो." दुसरं गाणं घेतलं, तिसरं घेतलं. तेच. सगळीकडे मी तेवढाच मागे. शेवटी तो म्हणाला, "सोमवार को प्रोग्राम है. तब तक ठीक हुआ तो ठीक, नहीं तो हम बिना बेस के बजाएँगे."

बसमध्ये बसून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. लाज वाटत होती. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर येऊन उभं राहिलं आणि माझी लयच कच्ची निघाली. ज्या एका गोष्टीवर मला बेस मिळाला होता तीच. मला ड्रमरचाही राग आला. त्यानेच ना सांगितलं होतं, तुही लय पक्की आहे म्हणून?

दुपारी दोनला पाळीवर हजर झालो. कंट्रोल रूममध्ये दर तासाला मीटर बघून आकडे तक्त्यात भरायचे असतात. व्होल्टेज, लोड आणि फ्रिक्वेन्सी. विजेचे सेकंदाला पन्नास हेलकावे व्हायला हवेत, ती फ्रिक्वेन्सी. त्या काळात साऱ्या राज्यातच वीज कमी आणि मागणी जास्त. संध्याकाळी दिवे लागले, गिरण्या चालू, पंप चालू, की काटा खाली यायचा. त्यात कोणाचा दोष नव्हता, ते रोजचंच होतं. सात वाजता मी सवयीने मीटर बघितला आणि लिहिलं, ४८.१. मागच्या पानांवर आदल्या दिवसांचे संध्याकाळचे आकडे होते. ४८.२. ४८. ४८.१. सहा वर्षं मी हे आकडे लिहीत होतो.

पेन हातातच राहिला. ट्रेनिंगमध्ये साहेबांनी शिकवलेलं एक वाक्य आठवलं, फ्रिक्वेन्सी पडली की मोटार तेवढीच हळू फिरते. परीक्षेत ते लिहून मी मार्क मिळवले होते. रेडिओग्रामची तबकडी फिरवते ती मोटारच की! रोज संध्याकाळी साडेसहा ते नऊ, नेमकी वीज जेव्हा सर्वांत थकलेली, तेव्हा आम्ही शिकायला बसत होतो. तबकडी हळू, म्हणून गाणं हळू, आणि तेवढाच स्वरही खाली. कोलकात्याला वीज काही आमच्यापेक्षा धडधाकट नव्हती, पण ते लोक हॉटेलातल्या जुन्या वादकांच्या शेजारी उभं राहून शिकले होते. आमचा गुरू मात्र भिंतीतल्या प्लगला जोडलेला होता. आणि त्या गुरूची चाल मंद आहे, हे रोज स्वतःच्या हाताने लिहिणारा माणूस मी होतो.

मी एकटाच मोठ्याने हसलो. सोबतचा ऑपरेटर दचकून बघायला लागला.

शनिवारीही माझी दुपारचीच पाळी होती. जाताना रविवारच्या सकाळी ड्यूटीवर असणाऱ्याला विचारून ठेवलं. तो म्हणाला, रविवारी गिरण्या, कचेऱ्या बंद, सकाळी काटा पन्नासला टेकलेला असतो. रविवारी मला सुट्टी होती, साडेदहाला मी ड्रमरच्या दारात उभा राहिलो. मायलेकं नुकतीच चर्चहून आली होती. मी अंगणातच सगळं सांगून टाकलं. त्याने ऐकलं, डोकं खाजवलं आणि आईकडे वळला. "आई, ऐक ना वं. आज रेडिओग्राम लावू देशीन का?"

"रविवारी नाही बाबू," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. "बरं, लावा. एकच बाजू."

रेकॉर्ड ठेवली. सुई टेकली आणि पहिल्याच ठोक्याला आम्ही एकमेकांकडे बघितलं. गाणं वर उडालं होतं. तेच गाणं, पण तरतरीत, पायात स्प्रिंग बसवल्यासारखं. मी हातातल्या घड्याळावर वेळ लावली; रेकॉर्डच्या लेबलवर छापलेल्या वेळेला ते बरोबर संपलं. आतून त्याच्या आईने विचारलं, "हे कोन्तं नवीन गानं आनलं गा?" स्वयंपाकघरातून तिने ते गाणं दोन वर्षं ऐकलं होतं.

मला आधी आनंद झाला. लय कच्ची नव्हती, मी फक्त चुकीच्या घड्याळाला जुळलो होतो. मग फसवलं गेल्यासारखं वाटलं. आमची तीस-पस्तीस गाणी, सगळीच्या सगळी अशी.

ड्रमरने सुई उचलून ठेवली. म्हणाला, "मले तं आपलंच चांगलं वाटते बे." मग पुढे, "पन तुले सोमवारी त्यायच्यासारखं पाह्यजे, नाही का?" आणि उठून काठ्या घेऊन आला. ड्रम त्या दिवशी वाजवणं शक्यच नव्हतं. वेताच्या खुर्चीची पाठ पुढ्यात घेऊन तो बसला. एकच बाजू म्हणून मिळालेली ती बाजू आम्ही संध्याकाळपर्यंत लावत राहिलो. आईने एकदाही अडवलं नाही. त्याला ती घाई आवडत नव्हती, ते त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. तरी दिवसभर तो माझ्यासाठी त्या घाईने खुर्ची बडवत राहिला. दुपारी पाणी पिताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "घेतलं त्यायनं तं त्यायच्यासंग जाशीन?"

"तीन आठवडेच ना. येतो की वापस."

"येजो," तो म्हणाला.

सोमवारी मी वाजवलं. तिसऱ्या गाण्यानंतर म्होरक्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मी रजेचा अर्ज टाकला आणि त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. जिथे जाऊ तिथे वीज कमीजास्त होत होती, दिवे मंदावत होते. त्यांच्या ड्रमरच्या पायाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. हळूहळू माझ्याही बोटांना पडेनासं झालं. त्यांचा बेसवाला बरा होऊन जबलपूरला येऊन मिळाला तेव्हा सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. ऑर्गनवाल्याने स्वर जुळवायची एक छोटी शिट्टी भेट दिली. म्होरक्या म्हणाला, कधी गरज पडली तर चिठ्ठी लिहू. चिठ्ठी आली नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण मी आता खऱ्या चालीने वाजवणारा माणूस होतो आणि माझा स्वतःचा बँड नागपुरात माझी वाट बघत होता.

नाताळचा डान्स आठ दिवसांवर होता. मी आल्या आल्या शिट्टी काढली आणि सगळ्यांना तारा वर चढवायला लावल्या. फ्रिक्वेन्सी म्हणजे काय, यावर व्याख्यान दिलं. गाणारा म्हणाला, अरे माझा आवाज वर पोचत नाही. मी म्हणालो, पोचव. सरावाला रेडिओग्राम लावायचा नाही असं फर्मान काढलं, जणू तो माझ्याच बापाचा होता. ड्रमर "बरं," एवढंच म्हणायचा.

नाताळच्या संध्याकाळी हॉल भरला होता. कागदी झिरमिळ्या, केकचा वास, गार्डसाहेब नव्या सुटात. ड्रमरने काठ्या वाजवून मोजणी दिली आणि गाणं सुरू झालं. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला मी पुढे होतो. तो मागे होता. मी त्याला ओढत होतो, तो यायचा, आणि कडवं बदललं की त्याचा पाय पुन्हा जुन्या जागी पडायचा. पूर्वी जिथे त्याचा पाय आणि माझं बोट एकत्र पडायचं, तिथे आता दोन आवाज ऐकू येत होते. नाचणाऱ्यांना काय झालं ते कळत नव्हतं, पण पायांना कळत होतं. जोडपी अडखळत होती, एकमेकांच्या पायांवर पाय पडत होते, हसून पुन्हा सुरुवात करत होती. तिसऱ्या गाण्याला गाणाऱ्याचा आवाज वरच्या स्वरावर फाटला. गार्डसाहेब बायकोला हाताला धरून खुर्चीवर जाऊन बसले.

मध्यंतरात मी मागच्या व्हरांड्यात सगळ्यांवर तुटून पडलो. तीन आठवडे मी काय काय शिकून आलो, तुम्ही इथेच बसून राहिलात, चूक आहे हे कळल्यावरही चूकच करायची असेल तर वाजवता कशाला, वगैरे. माझा स्वभाव तापट, तोंड सुटलं की सुटलं. गाणारा टाय सैल करून निघून गेला, गिटारवाला त्याच्या मागे. ड्रमर तिथेच कठड्याला टेकून उभा होता.

"तू बरोबर आहेस बे," तो म्हणाला. "रेकॉर्ड बी तसंच म्हनते. पन मी रेकॉर्डसंग नव्हतो वाजवत. मी तुह्यासंग वाजवत होतो. तू आता कोनासंग वाजवून राहिला?"

उत्तरार्धात मी जुन्या चालीवर यायचं ठरवलं. कठीण काय त्यात, जरासं मागे राहायचं. मी मुद्दाम, मोजून मागे राहिलो. नाच पुन्हा जमला, टाळ्याही पडल्या. पण मी आधी कधी मोजत नव्हतो. आता प्रत्येक ठोक्याआधी मी त्याच्यासाठी थांबत होतो आणि तो थांबा त्याला ऐकू येत होता. शेवटचं गाणं झाल्यावर ड्रमच्या चामड्यावर हात ठेवून त्याचा आवाज बंद करत तो म्हणाला, "हे नको करू गा. तू माह्यावर मेहरबानी करून राहिला." रागाने म्हणाला नाही. मेल्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळा झालो असतो.

त्यानंतर आम्ही उन्हाळ्यापर्यंत एकत्र वाजवलं. भांडण असं झालंच नाही. माझ्या पाळ्या आड येऊ लागल्या, म्हणजे मी येऊ दिल्या. मग त्यांनी दुसरा बेसवाला घेतला, पोस्टातला एक मध्यमवयीन माणूस. मी अॅम्प्लिफायर विकला, बेस माळ्यावर टाकली. सदरला जाणं कमी झालं. त्याच्या आईच्या अंत्यविधीला गेलो तेव्हा तो मला घट्ट धरून रडला, पण वाजवण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. तबकडी हळू फिरत होती हे कळल्याने माझं काय भलं झालं, असा प्रश्न मला त्या वर्षांत कंट्रोल रूममध्ये बसल्या बसल्या पडायचा. मग स्वतःचाच राग यायचा. कळलं ते कळलं, ते काही परत झाकून ठेवता येत नाही.

ऐंशीच्या दशकात, मुलं शाळेत जायला लागल्यावर, एका नाताळात बायकोने हट्ट धरला की मला तो डान्स बघायचाय, लग्नाआधीपासून नुसतं ऐकतेय. गेलो. आम्हा दोघांनाही नाचता येत नव्हतं, म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलो. स्टेजवर तेच लोक, केस पिकू लागलेले. गाणं सुरू झालं आणि ते जुन्याच चालीवर होतं. ती सावकाश, खालच्या स्वरातली चाल. पोस्टातला माणूस माझीच बोटं वाजवत होता. मी दहा वर्षांपूर्वी बसवलेल्या जागा, जशाच्या तशा. ड्रमरचा पाय आणि त्याचं बोट एकत्र पडत होतं. समोर जोडपी न अडखळता फिरत होती, म्हातारी माणसंसुद्धा. कुठेही काहीही चुकत नव्हतं.

मी इतकी वर्षं त्या आवाजाच्या आत उभा होतो, बाहेरून तो कधी ऐकलाच नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायको घाबरली. काय झालं म्हणून विचारू लागली.

"काही नाही," मी तिला म्हणालो, "आम्ही चांगले वाजवत होतो गं."